सत्ती-दुर्री आणि पहिला मान

शेवटी बसण्यात फायदा असतो, ही गोष्ट उद्धवराव निटूरकरांना निवृत्त झाल्यावर कळली. तोवर लातुरात ते सगळीकडे फुकटच शेवटी बसत आले होते. जिल्हा परिषदेत साहेबांच्या बैठकीत त्यांची खुर्ची दाराला लागून असे, त्यामुळे चहा आला की दार उघडायला तेच उठत. पंगतीत वाढप्याच्या हातातलं भांडं रिकामं व्हायचं ते नेमकं त्यांच्या अलीकडच्या पानापाशी. यात दोष कुणाचाच नव्हता. "तुम्ही व्हा पुढं" हे शब्द त्यांच्या तोंडून आपोआप निघत आणि लोक पुढं होत.

ही विद्या त्यांना दिली त्यांच्या मुलीनं, इरानं, तीही पुण्याहून फोनवर. इराचं लग्न नांदेडच्या मिहिरशी ठरलं होतं. दोघं एकाच कचेरीत कामाला, पसंती त्यांची त्यांनीच उरकलेली, आणि आता मोठ्यांनी नांदेडला बसून लग्न कसं करायचं तेवढं ठरवायचं होतं. अडचण एवढीच होती की मिहिरचे वडील आप्पासाहेब यांनी ते आधीच ठरवून टाकलं होतं. आप्पासाहेब नांदेडातले नाणावलेले वकील. नायगाव तालुक्यात शेती, धर्माबादेपर्यंत पक्षकार, आणि या सगळ्यांना एकुलत्या एका मुलाच्या लग्नात जेवू घालायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा बेत. उलट मुलांना हवं होतं रजिस्टर लग्न, दोन घरची माणसं आणि दुपारचं साधं जेवण. मिहिरनं दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा आप्पासाहेबांनी "बघू" म्हणून मंडपवाल्याला फोन लावला.

"बाबा, तुम्हीच सांगा त्यांना," इरा म्हणाली. "मला सहाशे माणसांसमोर नटून उभं नाही राहायचं. नाही जमलं तर मी राहीन उभी, पण मनातून मी तिथं नसेन."

उद्धवराव हो म्हणाले. ते कुणालाच नाही म्हणू शकत नसत, म्हणून हो म्हणाले. आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्यानं वकिलाला नाही म्हणायला जायचं, हे कोडं फोन ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. त्यांच्या पत्नीनं, देविकाबाईंनी, भाजी निवडता निवडता नुसतं वर पाहिलं आणि पुन्हा भाजीकडं पाहिलं.

वाट इरानंच काढली. आप्पासाहेब कुणाचं ऐकत नाहीत, पण दर रविवारी घरी पत्ते खेळायला बसले की ऐकतात, कारण तिथं ज्याची त्याची पाळी असते. खेळ पोकरचा. पैशाचा नव्हे, प्लास्टिकच्या चकत्यांचा. माणूस कोर्टात कळत नाही तेवढा पत्त्यांत कळतो, असं आप्पासाहेबांचं मत होतं. तेव्हा बाबांनी पोकर शिकायचं, टेबलावर बसायचं, आणि योग्य वेळ साधून बोलायचं.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात, पुढं मध्यभागी सगळ्यांसाठी पाच पानं उघडी पडतात, आणि ज्याचा मेळ भारी तो जिंकतो. खरी मेख पहिल्या दोन पानांशीच आहे. ती हातात आली की पाळीपाळीनं सांगायचं, खेळतो की टाकतो. इरानं सांगितलं की एक्का-राजा आले तर कुठंही बसून खेळा. पण राजा-नव्वी आली आणि तुमची पाळी पहिली असेल, तर मुकाट्यानं टाका. आणि तीच राजा-नव्वी घेऊन तुम्ही शेवटी बसला असाल, पुढच्यांनी पानं टाकलेली असतील, तर खुशाल खेळा.

"पानं तीच ना?" उद्धवरावांनी विचारलं.

"तीच. जागा बदलली. शेवटचा माणूस सगळ्यांचं बघून मग बोलतो ना बाबा."

उद्धवरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. अंगावर काटा आला म्हटलं तर लोक हसतील, पण आला. म्हणजे दाराजवळच्या त्या खुर्चीत ते इतकी वर्षं जगातल्या सगळ्यात मोक्याच्या जागी बसले होते आणि तिथून फक्त चहावाल्याला आत घेत होते. पुढं इरानं लिमिटचं सांगितलं. या प्रकारात एका वेळी दोनच चकत्या लावायच्या, वाढवायचं तर दोननंच वाढवायचं. समोरचा कितीही मोठा असो, त्याला ढीग पुढं ढकलून तुम्हाला दडपता येत नाही.

"वकील असला तरी?"

"वकील असला तरी."

हा खेळ ज्यानं काढला तो माणूस नक्की कुठंतरी मुलीचा बाप असणार, असं उद्धवरावांना वाटलं आणि त्यांनी त्याला मनोमन नमस्कार केला.

विद्या मिळाली की तालीम लागते, आणि तालमीला माणसं लागतात. उद्धवरावांच्या सोसायटीत खाली सिद्धराम राहत. निलंग्याकडचे, रमीत हात धरणारा कुणी नाही अशी ख्याती. पानं टाकायची असतात हे ऐकूनच ते दुखावले. "आलेलं पान म्हंजी लक्ष्मी हाय, भाऊ," ते म्हणाले. "तिला दारातूनच परत धाडून राहिलाव की तुमी." समोरच्या दारातल्या मंजुश्रीताई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी आधी जुगाराचे दुष्परिणाम सांगितले आणि मग, कुणाचं वळण बिघडू नये एवढ्यासाठीच, आपण स्वतः तिथं हजर राहणार असल्याचं जाहीर केलं. पुढं या बाई हातात काही नसताना असं वाढवत सुटल्या की सिद्धराम त्यांच्यासमोर घाम पुसू लागले.

जागेसाठी सोसायटीचा हॉल मागावा असं ठरलं. सेक्रेटरी बजरंग नियमाला पक्के. त्यांनी अर्ज मागितला, अर्ज वाचला आणि परत दिला, कारण हॉल भजन, वाढदिवस, शोकसभा किंवा योगासनं यांपैकी एकाच कारणासाठी मिळत होता. पत्ते यांतल्या कशात बसतात हे अर्जदारानं स्पष्ट करावं. शोकसभेवर थोडी चर्चा झाली. अखेर बैठक घालून बसायचं असतं, श्वास रोखायचा असतो आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नसतं, या मुद्द्यांवर पोकर योगासनांत बसलं. त्यामुळं वेळ मात्र योगवर्गाचीच मिळाली. भल्या सकाळी लातुरातली तीन वयस्क माणसं सतरंजीवर मांडी घालून, हातात दोन-दोन पानं धरून डोळे किलकिले करू लागली, आणि देखरेखीला आलेले बजरंग तिसऱ्या दिवशी चौथी चटई टाकून बसले.

चकत्या नव्हत्या म्हणून चिंचोके घेतले. देविकाबाईंनी कीड लागू नये म्हणून ते भाजून दिले, तिथं घोटाळा झाला. भाजलेला चिंचोका समोर असताना मराठवाड्यातला माणूस हात आवरून बसू शकत नाही. सिद्धराम विचारात पडले की भांडवलातला एकेक तोंडात टाकत आणि डाव संपेपर्यंत हरण्याजोगं त्यांच्याकडं काही उरत नसे. मंजुश्रीताई जिंकलेला डाव पदरात ओढून मोजत, तेव्हा त्यात अर्धवट चावलेले निघत.

पण खरी चूक उद्धवरावांनीच केली. स्वभावाप्रमाणं त्यांनी शेवटच्या जागेचं गुपित सगळ्यांना सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून हॉलच्या दारात चौघं उभी. "या ना ताई, आधी तुम्ही." "छे, भाऊ, वयानं मोठे तुम्ही." ज्या सिद्धरामांनी आयुष्यात कुणाला लिफ्टमध्ये आपल्याआधी शिरू दिलं नव्हतं, ते दार धरून उभे राहू लागले. लोण बाहेर पसरलं. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला, तेव्हा दुसऱ्याचं ऐकून मग बोलू म्हणून कुणी तोंडच उघडेना. इतकी शांत सभा त्या इमारतीनं कधी पाहिली नव्हती. टाकी राहिली तशीच गळत, आणि उद्धवरावांना मात्र या विद्येच्या ताकदीची भीतीयुक्त आदरानं खात्री पटत गेली. त्यांचा बेत आता पक्का झाला. नांदेडात शेवटी बसायचं, सगळ्यांचं ऐकायचं, आणि सगळ्यांच्या नंतर इराचं म्हणणं मांडायचं. मुलीचा बाप म्हटल्यावर शेवटची जागा आपल्याला न मागता मिळणार, याबद्दल तर शंकाच नव्हती. पिढ्यान् पिढ्या ती त्याचीच होती.

रविवारी उद्धवराव आणि देविकाबाई नांदेडला पोचले. आप्पासाहेबांनी फाटकातच मिठी मारली. उद्धवराव योजनेप्रमाणं मागं मागं राहिले. चपला सावकाश काढल्या, हातपाय दोनदा धुतले, भिंतीवरचे फोटो पाहिले. दिवाणखान्यात टेबल मांडलेलं होतं. आप्पासाहेबांचे धाकटे भाऊ हरिओम बसले होते. ते फार बोलत नसत, कारण त्या घरात बोलायचा कोटा थोरल्या भावाकडं होता. पत्ते पिसत होत्या आप्पासाहेबांच्या पत्नी सरोजिनीबाई. पत्ते दर खेपेला त्याच वाटतात, असं कळलं. दुसऱ्या कुणी वाटले की आप्पासाहेब हरल्यावर वाटपाविरुद्ध दाद मागतात, म्हणून ते काम कायमचं त्यांच्याकडं आलं होतं. त्यांच्या डाव्या हाताच्या माणसापासून पाळी सुरू होई आणि फिरत फिरत त्यांच्यावर संपे.

सरोजिनीबाईंच्या उजवीकडची खुर्ची रिकामी होती. शेवटची नाही, पण शेवटून दुसरी. उद्धवराव तिच्याकडं सरकले.

"तिथं नाही," आप्पासाहेब गरजले. "मुलीच्या बापानं मागं बसायचं, ते दिवस गेले उद्धवराव. या घरात पहिला मान तुमचा." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं त्यांना डावीकडच्या पहिल्या खुर्चीत बसवलं.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी उद्धवरावांना पहिला मान देत होतं, आणि ते खुर्चीतून अर्धवट उठले. ते म्हणाले, मी आपला तिकडंच बरा. आप्पासाहेबांना हा विनय वाटला आणि ते आणखी हट्टाला पेटले. मग उद्धवरावांनी इथं कूलरचा वारा लागतो म्हणून सांगितलं, तर हरिओमांनी उठून कूलर फिरवला. उजेड डोळ्यांवर येतो म्हटलं, तर पडदा ओढला गेला. आप्पासाहेबांचा चेहरा उतरला. "आमचं काही चुकलं का?" त्यांनी इतक्या हळू विचारलं की देविकाबाईंनी मागून नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला. व्याह्याचा मान नाकारणं म्हणजे सोयरीक नाकारणं, हे उद्धवरावांनाही कळत होतं. ते बसले. आप्पासाहेब समाधानानं उजवीकडच्या खुर्चीत विराजमान झाले.

खेळ सुरू झाला. पहिल्या जागेवरून काय खेळायचं आणि काय टाकायचं हे उद्धवरावांना तोंडपाठ होतं, आणि त्यात जवळजवळ सगळं टाकायचंच होतं. राणी-नव्वी आली, टाकली. गुलाम-दश्शी आली, जीव तुटला, टाकली. राजा-सत्ती, टाकली. आप्पासाहेब दर खेपेला त्यांच्याकडं पाहत. "आमच्या घरची पानं गोड लागेनात का व्याहीबुवा?" त्यांनी हसत विचारलं, पण हसू पुरतं नव्हतं. आणि डावाडावाच्या मध्ये ते लग्न रंगवत होते. मंडप असा, जेवण तसं, नायगावहून लोकांना आणायला गाड्या, धर्माबादच्या मंडळींची उतरायची सोय. प्रत्येक वाक्याला उद्धवराव बोलायला तोंड उघडत, आणि प्रत्येक वेळी पत्ते वाटून झालेले असत आणि पाळी त्यांचीच असे. मग तोंडातून एकच शब्द निघे, टाकतो.

एवढ्यातही एक गोष्ट त्यांनी पाहिली आणि ते थक्क झाले. सरोजिनीबाईंसमोर चकत्यांची चळत वाढत होती. बाई फार खेळत नसत, बोलत तर त्याहून कमी. तिघांचं होईपर्यंत बांगड्या मागं सारायच्या, नवऱ्याच्या कपाळाकडं एकदा बघायचं, आणि मग एक तर पानं टाकायची नाहीतर दोन चकत्या सरकवायच्या. ज्या जागेसाठी लातुरात चार माणसं दारात ताटकळत होती, त्या जागी ही बाई वर्षानुवर्षं बसली होती. घरातल्या बाईनं शेवटी बसायचं असतं म्हणून बसली होती, आणि कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. उद्धवराव पानं बघायचं विसरून त्यांच्याकडंच बघत राहिले.

"बोला उद्धवराव, तुमच्यापासून," आप्पासाहेब म्हणाले. "हा डाव झाला की मंडपवाल्याला होकार कळवून टाकू. बिचारा थांबलाय."

उद्धवरावांनी पानांचे कोपरे उचलले. सत्ती आणि दुर्री, वेगवेगळ्या रंगांची. याहून वाईट जोडी बावन्न पानांत निघत नाही. इरानं बजावलं होतं की ही पानं शेवटून, मधून, स्वप्नातसुद्धा खेळायची नाहीत. पण आता टाकतो म्हटलं की बोलायची पाळी जाणार होती आणि डाव संपताच फोन लागणार होता. सहाशे माणसांसमोर उभी असलेली आणि तिथं नसलेली इरा त्यांना दिसली. त्यांनी दोन चकत्या पुढं सरकवल्या.

"मुलांना रजिस्टर लग्न करायचंय," ते म्हणाले. "दोन घरची माणसं, बास. मंडप नको. मी पोरीला शब्द दिलाय आप्पासाहेब."

पाळी हरिओमांची होती. त्यांनी थोरल्या भावाकडं पाहिलं, पानांकडं पाहिलं, आणि दोन्ही बाबतींत एकदमच सांगितलं की मी टाकतो.

आप्पासाहेब लाल झाले. दोनावर दोन चकत्या आपटून त्यांनी बोलायला सुरुवात केली. एकुलता एक मुलगा. ज्यांच्या लग्नांत मी जेवलो त्यांना काय तोंड दाखवू? सगळा तालुका वाट बघायलाय. वकिलानं मुलाचं लग्न चोरून उरकलं म्हणतील. इज्जतीचा प्रश्न हाय. बोलता बोलता त्यांचा आवाज भरून आला आणि उद्धवरावांना त्यांची मनापासून कीव आली. त्या क्षणी ते "बरं, राहू द्या" म्हणूनही गेले असते, पण पाळी त्यांची नव्हती. पाळी होती सरोजिनीबाईंची.

बाईंनी बांगड्या मागं सारल्या. पानं पुन्हा एकदा पाहिली. मग सहा चकत्या एकावर एक रचून मध्ये ठेवल्या, आणि टेबलाकडं बघतच बोलल्या.

"आपल्या लग्नाच्या वेळी मला रजिस्टर हवं होतं. कुणी विचारलं न्हाई, मी बोलले न्हाई. तेव्हापासून वाट बघून राहिले, या घरात एकदा तरी कुणी विचारंल म्हणून. आज त्यांनी विचारलं."

आप्पासाहेब बायकोकडं बघत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात हे कपाट आपण कधी उघडलंच नाही, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पाळी फिरून उद्धवरावांवर आली. त्यांचं काम झालं होतं. त्यांनी सत्ती-दुर्री अलगद पालथी घालून पुढं सारली. आप्पासाहेबांनी आपली पानं हातात धरली, ठेवली, पुन्हा धरली. त्यांच्याकडं राण्यांची जोडी होती, हे त्यांनी पुढं कितीदा तरी सांगितलं. पण तेव्हा त्यांनी तीही टाकली.

"होऊ द्या रजिस्टर," ते म्हणाले, आणि डोळे पुसायला उठून आत गेले. सरोजिनीबाईंनी चकत्या ओढून घेतल्या आणि आपली दोन पानं कुणाला दिसायच्या आत गड्डीत मिसळून टाकली.

निघताना आप्पासाहेब फाटकापर्यंत आले. राग गेला होता, पण विचारात होते. उद्धवरावांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "एक मला कळेना झालंय व्याहीबुवा. आमच्या लग्नात बँड एक होता, तर हिनंच रुसून दुसरा बोलावायला लावला होता. माझ्या चांगलं ध्यानात हाय. आता काय बोलावं?" आणि मान हलवत आत गेले.

देविकाबाई रिक्षात बसल्या होत्या. सरोजिनीबाई कुंकवाची कोयरी घेऊन रिक्षाशी उभ्या होत्या. उद्धवरावांना राहवेना.

"विहीणबाई, खरं सांगा," त्यांनी विचारलं. "तुम्हाला खरंच रजिस्टर लग्न हवं होतं?"

सरोजिनीबाईंनी देविकाबाईंच्या कपाळाला कुंकू टेकवलं, कोयरीचं झाकण लावलं, आणि मग त्यांच्याकडं वळल्या.

"तुम्ही पानं टाकली होती की, उद्धवराव," त्या म्हणाल्या. "टाकणाऱ्यानं दुसऱ्याची बघायची नसतात."